बिनशिवणीचा अंगरखा

आमच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आला नाही. म्हणजे एकदाच आला होता. पण ज्या दिवशी आला त्याच दिवशी तो बंबात गेला. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वडील मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते, आणि पाळकसाहेब फिरतीवर असले म्हणजे रविवारचा उपदेशही तेच करीत. शेजारच्या सुताराच्या मुलाने चार गोट्या आणि एक भोवरा यांच्या बदल्यात तो जोड मला दिला होता. त्यात चौकटची सत्ती नव्हती आणि किलवरच्या राणीचे अर्धे तोंड उंदराने खाल्ले होते; तरी माझ्या लेखी ते मोठे धन होते. ज्वारीच्या कणगीमागे मी ते लपवून ठेवले. संध्याकाळी ते दादांच्या हाती कसे लागले, देव जाणे! वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा रागावले नाहीत, की त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी मला बंबापुढे बसवले आणि एकेक पान माझ्याच हाताने आत टाकायला लावले. शेवटचे पान बदामचा राजा होते. ते जळत असताना दादा शांतपणे म्हणाले, "बाळ, वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपाई काय करीत होते, ठाऊक आहे ना? खेळत होते."

ते वाक्य माझ्या मनात साठ वर्षे रुतून बसले आहे. ज्यांना ती गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. येशूला वधस्तंभावर खिळल्यावर शिपायांनी त्याचे कपडे आपसांत वाटून घेतले. चौघांचे चार वाटे झाले. अंगरखा तेवढा उरला. तो बिनशिवणीचा होता, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला. फाडला तर कोणाच्याच कामाचा नाही. म्हणून त्यांनी त्याच्यावर चिठ्ठ्या टाकल्या. योहानाने आपल्या शुभवर्तमानात हे सारे बारकाईने सांगितले आहे. दादांचे म्हणणे असे की, ज्या खेळात प्रभूच्या अंगावरचे शेवटचे वस्त्र गेले, त्या खेळाला ख्रिस्ती माणसाच्या घरात जागा नाही. आमच्याकडे पत्ते हे पाप, सिनेमा हे पाप, आणि तमाशा तर एवढे मोठे पाप की त्याचे नावही कोणी घेत नसे. हुतूतू आणि व्हॉलीबॉल ही मात्र पुण्यकर्मे होती. कारण मिशनचे साहेब स्वतः बाह्या सरसावून व्हॉलीबॉल खेळत!

पुढे मी शिक्षक झालो. मधल्या सुटीत बरोबरीचे मास्तर शिक्षकांच्या खोलीत पानांचा डाव मांडीत. मी खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसे आणि शब्दकोडे सोडवी. शब्दकोड्याविरुद्ध पवित्र शास्त्रात एक अक्षरही नाही. निवृत्त झाल्यावर तर तो माझा नित्यनेमच झाला. सकाळची प्रार्थना, मग चहा, मग दिवसभर सवडीसवडीने कोडे. आपण आयुष्यभर खेळाच्या मोहापासून दूर राहिलो, याचा मला थोडा अभिमानच होता असे म्हणा ना.

हा अभिमान गेल्या नाताळात उतरला. तीच हकीकत सांगायची आहे.

आम्ही दोघे नगरला राहतो. सरकारदरबारी २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले आहे. पण आमच्या जुन्या जिभेवर अजून नगरच येते. चिरंजीव पुण्याला असतात. नाताळची सुटी लागली की ते, सूनबाई आणि आमचा आठवीतला नातू असे तिघे येतात, आणि घर एकदम जागे होते. दारावर कागदी तारा चढतो, संध्याकाळी गल्लीतून गाणी म्हणणाऱ्या मुलांचे घोळके येतात, आणि स्वयंपाकघरात करंज्या, चकल्या, शंकरपाळे यांची गर्दी उडते. दिवाळीत शेजारच्या वहिनींकडून आमच्याकडे फराळाचे ताट येते. नाताळात ते ताट आमच्याकडून त्यांच्याकडे जाते. ही देवघेव तीस वर्षे चालू आहे, आणि तिच्या हिशेबात कोण कोणाचे देणे लागतो हे आता दोन्ही घरांना सांगता यायचे नाही.

या खेपेस नातू आला तो मोबाइल आडवा धरूनच आला. कानांवर टोप्यांसारखी दोन भोके झाकणारी यंत्रे, डोळे पडद्यावर आणि दोन्ही अंगठे सारखे चाललेले. वाकून नमस्कार करतानाही एक अंगठा चालूच होता! मी शेजारी बसून पाहू लागलो. खेळ असा की, शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात आणि बंदुका शोधून एकमेकांना मारू लागतात. बेटाभोवतीचे कुंपण हळूहळू आवळत जाते, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. आपापली टोळी करूनही खेळता येते. टोळीतला गडी गोळी लागून पडला, तर दुसऱ्याने त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद वाकून बसावे लागते; मग तो उठतो. पण तेवढ्या वेळात वाकणाऱ्यालाच गोळी लागण्याचा संभव असतो.

"किती माणसं मारलीस?" मी विचारले.

"आठ."

"कोण होती ती?"

"मला काय माहीत, आजोबा! कुठूनकुठून खेळत असतात."

"आणि तुझ्या या शिपायाच्या अंगात हा कसला झगमगीत झगा?"

त्यावर तो खुलला. तो झगा म्हणे विकत मिळत नाही. पैसे भरून एक पेटी उघडायची असते. आत काय निघेल ते नशिबावर. कधी टोपी निघते, कधी काहीच धड निघत नाही. हा झगा सातव्या पेटीत निघाला, आणि पुण्यातल्या त्याच्या वर्गात तो दुसऱ्या कोणाकडेही नाही.

मी ताडकन उठलो. अंगरख्यावर चिठ्ठ्या! दादा सांगत होते तेच, जसेच्या तसे! एकोणीसशे-दोन हजार वर्षांनी तेच शिपाई, तोच झगा आणि तोच नशिबाचा खेळ माझ्या दिवाणखान्यात, माझ्या नातवाच्या हातात येऊन बसला होता. फरक एवढाच की, आता बंबाच्या जागी गीझर आला आहे, आणि मोबाइल काही गीझरमध्ये टाकता येत नाही.

शिक्षकाचा पिंड. रागावण्यापूर्वी टाचणे काढावीत, असे मला वाटले. दोन दिवस मी पुस्तके उलथीपालथी केली. आणि खरे सांगतो, पुराव्याला तोटा पडला नाही. १०६१ साली कार्डिनल पीटर डॅमियन याने फ्लॉरेन्सच्या बिशपाला बुद्धिबळ खेळताना पकडले आणि प्रायश्चित्त दिले: तीन वेळा सारी स्तोत्रे म्हणायची, बारा गरिबांचे पाय धुवायचे आणि त्यांना दानही द्यायचे. सिएनाचा बर्नार्डिन इटलीच्या गावोगावी पत्ते आणि फासे यांच्या होळ्या पेटवीत असे. १४२३ सालचा बोलोन्याचा त्याचा उपदेश अजून सांगितला जातो. ते वाचून मला आमच्या बंबाला मोठे खानदान लाभल्यासारखे वाटले. इंग्लंडात तर मौजच झाली. ज्या पहिल्या जेम्स राजाच्या नावाने १६११ चे इंग्रजी बायबल ओळखले जाते, त्यानेच १६१८ साली जाहीरनामा काढून रविवारच्या उपासनेनंतर नाचायला, उड्या मारायला, तिरंदाजी करायला लोकांना मुभा दिली. प्युरिटन मंडळी खवळली, आणि १६४३ साली पार्लमेंटच्या हुकमाने ते खेळांचे पुस्तक भर चौकात जाळण्यात आले. त्याच प्युरिटनांचे वारस अमेरिकेच्या न्यू इंग्लंडात वाढले. तिथून १८१३ साली मिशनरी मुंबईला आले आणि १८३१ साली नगरला. म्हणजे आमच्या खेड्यातल्या बंबात पडलेली ठिणगी लंडनहून बॉस्टनमार्गे आलेली होती!

नव्या खेळांविरुद्धही साक्षी सापडल्या. २००७ साली एका व्हिडिओ गेममध्ये मँचेस्टरच्या कॅथीड्रलच्या आत गोळीबाराचा प्रसंग घातला होता. प्रत्यक्ष शहरात तेव्हा तरुणांच्या हातच्या बंदुकांनी लोक हैराण झालेले. चर्चने जोराची तक्रार केली आणि कंपनीला माफी मागावी लागली. हे टाचण मी तांबड्या शाईने लिहिले.

त्या रात्री जेवताना मी फिर्याद मांडली. चिरंजीव मान खाली घालून आमटी भुरकत राहिले. बोलल्या त्या सूनबाई. त्या वसईच्या, कॅथलिक. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे आमच्या घरात पूर्वी संत नव्हते, ते सूनबाईंबरोबर आले. त्या म्हणाल्या, "बाबा, आमच्या एका संताला व्हिडिओ गेम फार आवडायचे."

मला वाटले, थट्टा करताहेत. पण ती अगदी खरी गोष्ट निघाली. कार्लो अकुतिस हा १९९१ साली जन्मलेला इटलीतला मुलगा. संगणकाचे वेड, जगभरातल्या पवित्र मिस्साच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती संगणकावर मांडली. २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने तो पंधराव्या वर्षी गेला, आणि ७ सप्टेंबर २०२५ या दिवशी रोमला पोप लिओ यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले. त्याच समारंभात संत झालेला दुसरा तरुण, पिएर जॉर्जो फ्रासाती, हा मित्रांशी बिलियर्ड्स खेळे, आणि जिंकला तर पैशांऐवजी त्यांच्याकडून प्रार्थना वसूल करी, असे सांगतात.

नातवाचा चेहरा नाताळच्या ताऱ्यासारखा उजळला. "बघा आजोबा! संतसुद्धा खेळायचे!"

"पुढचं ऐक," त्याची आई म्हणाली. "कार्लोनं स्वतःला नियम घातला होता. आठवड्यातून एक तास. त्यापेक्षा जास्त नाही."

मोबाइल हा मोठा प्रामाणिक चुगलखोर आहे. आपण त्याच्यावर किती वेळ घालवला ते तो नेमके सांगतो. आईने तो तिथेच उघडून पाहिला. त्या एका दिवसाचे चार तास अकरा मिनिटे झाली होती. नातवाचा तारा विझला.

सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात ती खेळाच्या समर्थनासाठी दिली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत बसला असता कोणीतरी त्याला नावे ठेवली. त्या माणसाच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले. एक झाला, दुसरा झाला, बरेच झाले. मग विचारले, 'असेच सारखे मारीत राहता येईल का?' तो म्हणाला, 'छे! धनुष्य मोडेल.' 'मग मनाचेही तसेच आहे,' योहान म्हणाला. सतत ताणलेले मन मोडते. मी हसून म्हटले, "खरं आहे, पण चार तास अकरा मिनिटं सैल सोडलेल्या धनुष्यानं बाण कोण मारील?" सगळे हसले. मला वाटले, खटला मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीव आणि सूनबाई देवळात सजावटीला गेली होती. आमची मंडळी स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. नातू दिवाणखान्यात, कानांवर यंत्रे चढवून. मी ओसरीवर आरामखुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र आणि हातात पेन्सिल.

"अहो, जरा येता का?" आतून हाक आली.

"आलोच," मी म्हटले.

कोड्याचा उजवा कोपरा तेवढा राहिला होता. दोन शब्द. एक सुचला, त्याच्या आधाराने दुसरा सुचत होता. आणखी एक हाक आली असावी. मला वाटते आली. "आलोच ना!" मी पुन्हा म्हटले. मग झाऱ्या पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ एक किंकाळी.

तेलाची कढई शेगडीवर तिरकी झाली होती. ती धरायला कोणीतरी हवे होते, म्हणून ती हाक मारीत होती. कोणी येईना तेव्हा तिने एकटीनेच ती सावरली, आणि कढत तेल डाव्या मनगटावर सांडले. मी आत पोहोचलो तेव्हा शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आधीच आत आल्या होत्या. भिंतीपलीकडे त्यांना हाक ऐकू गेली होती. गॅस बंद करून त्यांनी हिचा हात नळाखाली धरला होता. "भाऊजी, हलू देऊ नका. वीस मिनिटं पाणी सोडायचं. बर्फ नको, हळद नको," असे त्या सांगत होत्या, आणि मी नुसता उभा होतो. माझ्या हातात पेन्सिल तशीच होती.

डॉक्टरांकडून पट्टी बांधून आलो. मुलगा आणि सून धावत आली. मग माझा राग उसळला. तो कोणावर उसळावा? नातवावर! मी त्याला समोर उभे केले आणि दादांचे सारे ऐकवले. वधस्तंभ, शिपाई, अंगरखा, चिठ्ठ्या. "तुझी आजी दहा पावलांवर भाजत होती आणि तू खेळत होतास," मी म्हटले. बोलणे चांगले वठत आहे हेही मला आतल्या आत जाणवत होते. उपदेशकाच्या घरात वाढलेल्या माणसाला ती एक वाईट खोड असते.

मुलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. तो म्हणाला, "आजोबा, खेळात कोणी पडलं की मी लगेच जातो. मरेन म्हणून थांबत नाही. खरंच! मला आजी ऐकूच आली नाही."

तेव्हा पलंगावरून ती बोलली. आवाज चढवला नाही. तिने तो आयुष्यात क्वचितच चढवला असेल. "त्याला ऐकू आलं नाही. तुम्हांला ऐकू आलं होतं. तुम्ही 'आलोच' म्हणालात."

बस्स, एवढेच. यावर कोणी काही बोलले नाही. सूनबाई चहा टाकायला उठल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून दिवा लावला आणि योहानाचे ते प्रकरण पुन्हा वाचले. साठ वर्षांत किती वेळा वाचले असेल! पण दर वेळी माझे डोळे त्या चिठ्ठ्यांवरच खिळत. आता वाटले, चिठ्ठ्यांत काय आहे? प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात शिष्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या आहेत, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडण्यासाठी. आणि आधी प्रार्थना करून टाकल्या आहेत. चिठ्ठी तीच. मग शिपायांचे चुकले कुठे? चुकले ते एवढेच की, त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर एक माणूस प्राण सोडीत होता, आणि त्यांनी मान वर केली नाही.

आणि मान वर न करणारे काय ते शिपाईच होते? मुख्य याजक होते, शास्त्री होते. त्यांच्या हातात फासे नव्हते. शास्त्र त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी वर पाहिले ते टोमणे मारायला. दादांनी मला शिपाई दाखवले. याजक मात्र माझे मला शोधावे लागले, आणि ते फार लांब नव्हते. आरामखुर्चीत बसलेले होते.

म्हणून व्हिडिओ गेम ख्रिस्ती विश्वासाच्या आड येतो का, असे आज कोणी मला विचारले, तर मी आधी त्यालाच विचारीन: खेळताना तुझी मान वर होते का? हाक ऐकू येते का? आणि ऐकू आली तर तू उठतोस का? बंदुका आणि राक्षस यांचा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. मनुष्य ज्यात रोज हात भिजवतो त्याचा रंग त्याला थोडाफार लागतोच. लहान मुलांच्या बाबतीत तर आईबापांनी पाहून-पारखून खेळ द्यावा हेच बरे. पण बुद्धिबळातही मारामारीच आहे, आणि तरी स्पेनची संत तेरेसा हिने सोळाव्या शतकात आपल्या जोगिणींना प्रार्थना शिकवताना बुद्धिबळाचाच दाखला दिला. त्यांच्या पटावर आपल्या वजिराच्या जागी राणी असते. ती राणी म्हणजे नम्रता, आणि देवरूपी राजाला तीच शह देऊ शकते, असे ती सांगते.

मात्र या नव्या खेळांना मी अगदीच निर्दोष सोडीत नाही. माझा भोवरा दोन मिनिटे फिरला की आपोआप आडवा होई. पत्त्यांचा डाव संपे, दिवा मालवला की पटही मिटे. हे खेळ संपत नाहीत. रोज हजर राहिलात तर बक्षीस, नाही राहिलात तर ते चुकले. रात्री निजल्यावरही उशाशी दिवा लुकलुकवून ते पोराला हाक मारतात. घरातल्या माणसाची हाक बंद करायची आणि आपली चालू ठेवायची, अशी त्यांची घडणच आहे. आणि ती पेटी! नशिबाच्या झग्यासाठी पोराच्या हातून बापाचे पैसे काढणे याला मी खेळ म्हणत नाही. दादा म्हणत तेच म्हणतो.

पण त्याच नाताळात चिरंजीवांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. जेवणानंतर सगळे निजल्यावर त्यांनी आपला संगणक माझ्यापुढे ठेवला. हाही एक व्हिडिओ गेमच. अमेरिकेतल्या रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती जोडप्याच्या लहान मुलाला, जोएलला, कर्करोग झाला होता. उपचार चालू असतानाच त्यांनी हा खेळ करायला घेतला. २०१४ साली पाच वर्षांचा जोएल गेला. २०१६ साली खेळ बाहेर आला. त्याचे नाव 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. यात जिंकता येत नाही. इस्पितळाच्या खोलीत बाप बसलेला आहे, पोर तहानेने रडते आहे, आणि पाणी दिले तरी ते पोटात ठरत नाही. खेळणारा काय काय करून पाहतो. कशानेही रडणे थांबत नाही. शेवटी बाप प्रार्थना करतो, आणि पोर निजते. मी चष्मा पुसला. चिरंजीवही काही बोलले नाहीत. माझ्या मनात आले, हा खेळ वधस्तंभाच्या पायथ्याशी बसूनच खेळायचा आहे. पण याचा नियमच असा की, मान खाली घालता येत नाही.

आता दादांविषयी एक सांगायचे राहिले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या खेड्यात रात्री-अपरात्री लोक दार ठोठावीत. कोणाचे पोर जुलाबाने पडलेले, कोणाला खडी फोडण्याच्या कामावर इजा झालेली. दादा जेवत असोत, प्रार्थनेत असोत, की निजलेले असोत. पहिल्या हाकेला ते उठत. एकदा तर कुटुंबाच्या प्रार्थनेत 'आमेन' म्हणायच्या आतच ते उठून बाहेर गेले, आणि ते 'आमेन' आईने म्हटले. दादांना दुसरी हाक कोणाला कधी मारावी लागली नाही. त्यांचा धर्म त्यात होता, बंबात नव्हता. मी मात्र बंब तेवढा लक्षात ठेवला.

हिच्या मनगटावर अजून रुपयाएवढा डाग आहे. करंज्या ती तेवढ्याच उत्साहाने करते. झाऱ्या मात्र आता मी धरतो. नातवाशी मी तह केला आहे. आठवड्याला एक तास हे संतांचे माप. आम्ही दोघे साधी माणसे, म्हणून दिवसाला अर्धा तास, एक कान उघडा ठेवून, आणि पेटी कायमची बंद. मलाही कलम लावले आहे: पहिल्या हाकेला पेन्सिल खाली. सुटीत तो पहारा करायला असतो. "आजोबा, हाक!" असे तो ओरडतो, आणि मी अर्ध्या शब्दावरून उठतो. खरे सांगायचे तर त्याने मला जास्त वेळा पकडले आहे.

या दिवाळीच्या सुटीत तो येणार आहे. परवा बाजारात गेलो होतो तेव्हा एका दुकानासमोर थोडा वेळ घुटमळलो आणि पत्त्यांचा एक जोड विकत घेतला. बावन्न पाने पुरी आहेत. चौकटची सत्तीसुद्धा आहे. भाऊबिजेला वहिनींकडची मंडळी फराळ घेऊन आली की डाव मांडायचा बेत आहे. दादा असते तर काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्यांनी आधी जोड हातात घेऊन पाहिला असता, मग इकडेतिकडे नजर टाकली असती आणि विचारले असते, "बसणार कुठे?"

त्याचे उत्तर तयार आहे. सतरंजी स्वयंपाकघराच्या दाराशीच घालायची, असे आमचे ठरले आहे.